पोटरीतलं भात

लग्न होऊन मी नायगावजवळच्या खाडीकडच्या गावात आले, तेव्हा सासऱ्यांचे आधी पाय पाहिले. नवी सून, मान खाली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. चेहऱ्याकडे बघायची सोयच नव्हती. नमस्काराला वाकले तर समोर दोन पावलं. रुंद, सपाट, बोटं एकमेकांपासून फाकलेली, आणि टाचांच्या भेगांत खाडीचा काळा गाळ कायमचा बसलेला. माझं माहेर कामणचं, डोंगराच्या पायथ्याचं. आमच्याकडची माणसं मुरमाड वाटांवर चालणारी, त्यांचे पाय असे नसत. ते पाय मला पाण्यातल्या कुठल्यातरी मोठ्या पक्ष्याचे वाटले.

सासऱ्यांचं नाव काशीराम. मी त्यांना बाबा म्हणायची, म्हणजे मनातल्या मनात. पहिल्या वर्षी आम्ही एकमेकांशी कधी थेट बोललोच नाही. त्यांना काही सांगायचं असलं तर ते सासूला सांगायचे, आणि सासू मला. सासू भागूबाई, बुटकी, गोरटेली, सदा कामात. घरात आम्ही चौघंच. माझा नवरा नथू पावसाळ्यात शेतावर असायचा आणि उन्हाळ्यात मिठागरावर.

बाबा घरात वाकून वावरायचे, पाहुण्यासारखे. जेवायला बसत ते ओटीवर, तोंड अंगणाकडे करून. झोपत ते पडवीत. पहाटे कधी उठून जात, कळत नसे. परत येत तेव्हा हातात काहीतरी असायचंच. कधी खाडीकाठच्या तिवरांच्या बुंध्यातून काढलेली चिंबोरी, नांगी गवताने बांधलेली. कधी पागात, फेकायच्या जाळ्यात, आलेली बोयटं मासळी. पावसाच्या तोंडाला तुंगारेश्वरच्या रानातून शेवळं, श्रावणात कंटोळी, कधी पळसाच्या पानात मधाचं पोळं. ते सगळं सासूच्या पुढ्यात ठेवून बाजूला टेकायचे आणि कुठे मिळालं, कसं मिळालं ते सांगायचे. कुठल्या ओहोळात पाणी किती होतं, कुठल्या झाडावर घारीने घरटं केलंय. सासू वर न बघता ऐकायची. पण बाबा सांगायचे थांबले की तिचा हातही थांबायचा. "मंग?" म्हणायची. ते पुढे सांगायचे.

असा पुरुष मी पाहिला नव्हता. माझे वडील चांगले होते, पण घरी आल्यावर आईला काय सांगायचे? मीठ कमी आहे, एवढंच.

ते शहात्तर साल होतं. त्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा सासरची लावणी केली. आमची जमीन थोडी, पण बांधाला लागून. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध होता, पुरुषभर उंच. त्याच्या बाहेर खारं पाणी, आत भात. आमचा तुकडा आजूबाजूच्या शेतांपेक्षा हातभर उंच होता, कारण बाबांनी वर्षानुवर्षं उन्हाळ्यात खाडीचा गाळ डोक्यावरून वाहून तो चढवला होता. लाल तांदळाचं भात त्यात असं यायचं की माणूस आत शिरला तर फक्त टोपी दिसावी. भाद्रपद सरत आला तेव्हा भात पोटरीत होतं. लोंब अजून पानाच्या पोटात, हाताला टणक लागायची, गाभण गाईच्या अंगासारखी. मी रोज एखादी पोटरी चिमटीत धरून बघायची. आपल्या हाताने लावलेलं होतं ना.

सर्वपित्री अमावास्येचा दिवस. आदल्या दिवसापासून झड लागली होती, वारा समुद्राकडून. अमावास्येची भरती मोठी, भर दुपारची. आम्ही पितरांचं पान वाढत होतो तेवढ्यात बांधाच्या अंगाने ओरडा आला. बांध फुटला होता.

बाबा तसेच निघाले. मागे माझा नवरा, फावडं घेऊन. सासूने चुलीतली लाकडं ओढून विझवली, डोक्यावर इरलं घेतलं आणि मला म्हणाली, "चल गो."

बांधावर गाव जमलं होतं. मी तोवर खाडी लांबून पाहिलेली. त्या दिवशी ती बांधाला टेकून उभी होती, राखाडी, फुगलेली, आणि एका जागी बांधच नव्हता. बैलगाडी आडवी घुसेल एवढी खांड पडली होती आणि तिच्यातून पाणी आत कोसळत होतं. आवाज असा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. आतली शेतं बघता बघता गढूळ झाली. भाताचे शेंडे तेवढे वर, वाऱ्याने नाही, खालच्या ओढीने हलणारे.

एकदा शिरलेलं खारं पाणी पावसाने धुऊन निघतं, भात वाचतं. पण खांड बुजली नाही तर दर भरतीला पाणी आत येणार, दर ओहोटीला जाताना आणखी माती नेणार. चार दिवसांत सगळं शिवार काळं पडलं असतं. पुढची दोन-तीन वर्षंही त्यात काही उगवलं नसतं. हे मला कोणी सांगितलं नाही. बायकांची तोंडं बघून कळलं.

भरती उतरायला लागली तसा आवाज कमी झाला आणि माणसांचे आवाज वाढले. बांधाचा जो भाग ज्याच्या शेताला लागून, त्याने तो राखायचा, अशी गावाची रीत. जो भाग फुटला होता त्याचा मालक जमीन ओसाड टाकून मुंबईला राहायला गेलेला. खेकड्यांनी तिथे बिळं पाडली होती, ती कोणी बुजवली नव्हती.

हिराजी गावाचा म्होरक्या. सगळ्यात जास्त शेत त्याचं. तो छत्री घेऊन उभा होता.

"ज्याचा तुकडा त्यानी बांधावा," हिराजी म्हणाला. "आमी दर साली आमचा तुकडा बांधताव का नाय?"

"तो मुंबईला हाय," कोणी म्हणालं.

"मंग जा, आना त्याला."

"तुमचंच भात जास्त हाय हिराजी, तुमी मानसं लावा."

"म्हंजे गावाचं काम माझ्या एकट्याच्या बोडक्यावर?"

असं चाललं होतं. मी बाबांना शोधत होते. ते भांडणात नव्हते. खांडीच्या कडेला बसून त्यांनी धोतर काढून ठेवलं, कंबरेला नुसता रुमाल, आणि पाय खाली सोडून पाण्यात उतरले. पाणी आता उलटं वाहत होतं, शेतातून खाडीकडे. ते छातीपर्यंत आत गेले. मग गळ्यापर्यंत. मग नुसतं डोकं दिसलं, आणि तेही गेलं. बांधावर बोलणं थांबलं. माझ्या शेजारी सासू उभी होती. तिने माझा दंड धरला, आणि तिची बोटं मला कितीतरी दिवस तिथे उमटलेली दिसत होती.

बाबा पलीकडच्या अंगाला वर आले. डोळ्यांवरचं पाणी निपटलं. परत खाली गेले. पायांनी, हातांनी ते खांडीचा तळ चाचपत होते. वर येऊन छातीभर पाण्यात उभे राहिले आणि म्हणाले, "नुसत्या गाळानी नाय भरनार. धुऊन जाईल. खुंट ठोकून आत मुळांची माती पायजे, ढेपेच्या ढेपे."

"मुळांची माती आनायची कुठून?" हिराजी वरून म्हणाला. "सगळी भुई पान्याखाली."

बाबा आमच्या शेताकडे बघत होते. सगळ्या गढूळ पाण्यात तो एकच तुकडा कोरडा, हिरवा, बांधाला लागून. भाताच्या मुळांनी गच्च धरलेली माती. दुसरी तशी माती जवळपास नव्हती.

माझ्या नवऱ्याला ते माझ्या आधी कळलं. तो म्हणाला, "नाय. बाबा, नाय."

बाबांनी मान वळवली ती नवऱ्याकडे नाही. सासूकडे.

"नथूचे आये," ते पाण्यातून म्हणाले. "आपलं भात कापू काय?"

सगळं गाव ऐकत होतं. बायकोला असं चारचौघांत विचारणारा पुरुष, आणि तेही पाण्यात उभा राहून. कोणीतरी मागे हसलं. सासू त्यांच्याकडे बघत राहिली. पाऊस तिच्या इरल्यावरून ओघळत होता. मला वाटलं ती रडेल, किंवा हिराजीला बोलेल, किंवा घरी निघून जाईल.

ती म्हणाली, "कापा."

आणि माझ्या नवऱ्याच्या हातातलं फावडं घेऊन बांधावरून आमच्या शेतात उतरली. भात तिच्या खांद्याच्या वर. तिने डाव्या हाताने पोटरीतलं भात मुठीत धरून बाजूला वाकवलं, उजव्या हाताने फावडं मारलं. पहिला ढेपा तिने काढला. चौकोनी, काळा, त्यावर भात उभंच. तो ती दोन्ही हातांनी उचलायला गेली तर उचलेना. मी पदर खोचला आणि उतरले.

माझा नवरा मात्र निघून गेला. बांधावरून तडक, मागे न बघता. हिराजीच्या बाजूचा एक जण म्हणाला, "बाप येडा, पोरगा शाना." तेही आम्ही ऐकलं.

मग काम सुरू झालं. कोणी तिवरं तोडून आणली, कोणी घरच्या गोठ्याचे वासे. बाबांनी खांडीत खुंट उभे धरायचे आणि दोघांनी वरून मोगरी मारायची. बाबांच्या हाताजवळ मोगरी पडायची, ते हात हलवत नसत. खुंटांच्या मधे तिवरांच्या फांद्या विणल्या. मग ढेपे. आम्ही बायका शेतातून ओळीने ढेपे पुढे द्यायच्या, शेवटचा हात बाबांचा. ढेपा ते छातीशी धरायचे, पाण्यात बुडी मारायचे, तळाशी बसवून पायाने दाबायचे आणि वर यायचे. ढेपा खाली गेला की त्यावरचं भात थोडा वेळ पाण्यावर दिसायचं. हिरवं, उभं. मग त्यावर दुसरा ढेपा.

मी वाहत होते आणि बघत होते. एका ढेप्यावर पोटरी फुटून लोंब बाहेर आली होती, त्यावर पांढरा फुलोरा. मी ती तोडून घ्यावी की काय असं मनात आलं. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. तोडली नाही. पुढे दिली.

ऊन नव्हतंच, तरी उजेड कमी व्हायला लागला तेव्हा माझ्या मागून कोणीतरी माझ्या हातातला ढेपा काढून घेतला. माझा नवरा. त्याने घरून ओटीचं दार उचकटून आणलं होतं. दार उभं धरून तो खांडीत उतरला, बापाच्या शेजारी, आणि दोघांनी ते दार खुंटांच्या मागे खाली लोटलं. पाणी दोघांच्या गळ्यापर्यंत होतं. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की माझ्या नवऱ्याचे खांदे बापासारखे आहेत.

त्यानंतर बांधावर नुसता उभा असा माणूस उरला नाही. हिराजीही छत्री मिटून खाली आला.

अंधार पडला तेव्हा खांड कंबरेइतकी उंच भरली होती. रात्रीची भरती वरून थोडी सांडली, पण ढेपे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाने मिळून बांध पुरा चढवला. पाऊस पडत राहिला, शेतांतलं खारट पाणी उघाडीतून, बांधातल्या दारातून, ओहोटीला बाहेर सोडलं, आणि गावाचं भात वाचलं. आमचं शेत म्हणजे एक खड्डा होता, त्यात पाणी साचलेलं.

दिवाळीनंतर कापण्या झाल्या. खळ्याखळ्यावर झोडपणी. आमच्या घरी कोयत्याला धार लावायचं काम नव्हतं. सासू सकाळी उठून सवयीने अंगण सारवायची, खळ्यासाठी सारवतात तसं, आणि मग तिथे काहीच यायचं नाही. गावाने बैठक घेऊन ठरवलं, घरटी एक टोपलं भात काशीरामच्या घरी द्यायचं. लोकांनी दिलं. पुष्कळांनी भरभरून दिलं. एका घरचं टोपलं आलं ते दिसायला शिगोशिग, पण सासूने हात घातला तर हलकं. अर्धं पोल, नुसती फोलं. सासूचं तोंड उतरलं. सूप घेऊन ती अंगणात आली, रस्त्याच्या तोंडाला बसून पाखडायला, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं.

बाबा पडवीत जाळ्याचं भोक सांधत होते. त्यांनी विचारलं, "काय करतेस?"

"पाखडते."

"मागल्या दारी बस."

"का? आमी चोरी केलीय?"

"त्याची बायको आथां पान्याला येईल इकडून," बाबा म्हणाले. "तिला कशाला बघायला लावतेस? तिनी नाय भरलं ते टोपलं."

सासूने सुपातलं भात परत टोपल्यात ओतलं. मग सूप उचलून मागल्या दारी गेली.

मिळालेलं भात जपून वापरलं तरी घराला पुरणारं नव्हतं. त्या हिवाळ्यात बाबांनी आम्हाला खाडीवर जगवलं. माझा नवरा मिठागरावर, सासू बाजाराला, आणि बाबांबरोबर चिखलात जायला मी. पहिल्या दिवशी सासूने मला सांगितलं, "ते पुढं चालतील, तू मागं चाल. त्यांच्या पावलात पाऊल टाक." ओहोटीला पाणी मागे हटलं की काळा चिखल उघडा पडायचा, चकचकीत, नजर पोचेल तिथपर्यंत. बाबा त्यावरून चालायचे ते रस्त्यावरून चालावं तसे. माझी पावलं त्यांच्या पावलांत हरवायची.

चिंबोऱ्यांची बिळं तिवरांच्या मुळांत. बाबा चिखलावर आडवे व्हायचे, गाल चिखलाला टेकवून, आणि हात खांद्यापर्यंत बिळात घालायचे. डोळे मिटलेले. चेहरा असा की कोणाचं तरी बोलणं लक्ष देऊन ऐकताहेत. मग हात हळूहळू बाहेर. हातात ताटलीएवढी चिंबोरी, नांग्या मागून धरलेल्या. अंडी असलेली मादी लागली तर परत त्याच बिळात सोडायचे, आणि बिळाच्या तोंडावरचा चिखल पूर्वी होता तसा करून ठेवायचे.

एका सकाळी मी शहाणपणा केला. पलीकडे निवट्या, चिखलातले छोटे मासे, उड्या मारताना दिसल्या, म्हणून बाबांची पावलं सोडून तिकडे वळले. थोडं गेले आणि एक पाय मांडीपर्यंत आत गेला. तो काढायला दुसऱ्यावर भार दिला तर तोही गेला. जितकी हलले तितकी खाली. लुगडं चिखलावर पसरलं. लाजेने मी हाक मारली नाही. खाली बघितलं तर ओहोळातून पाणी यायला लागलेलं, शांतपणे, फेसाची बारीक किनार घेऊन. भरती वळली होती. तेव्हा मी हाक मारली. पहिल्यांदा तोंडाने म्हणाले, "बाबा."

ते आले. लांबच थांबले. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवून उभे राहिले.

"बाय," ते म्हणाले, "मी तुज्याकडं बघत नाय. मी सांगतो तसं कर. पदर सोड. लुगडं कंबरेवर घे. घेतलंस?"

"घेतलं."

"आथां झोप."

"काय?"

"चिखलावर उताना झोप. अंथरुनावर झोपतात तशी. हात पसर. चिखल उभ्या मानसाला गिळतो, झोपलेल्याला नाय."

मी मागे पडले. थंड चिखल पाठीला, मानेला, केसांत. वर नुसतं आभाळ. पाणी कानाशी आलं होतं, ते ऐकू येत होतं.

"एक पाय हलव. वर नको ओढू. गोल फिरव, जात्याचा खुंटा फिरवतात तसा. घाई नाय. पान्याला वेळ हाय."

पाण्याला वेळ नव्हता, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण त्यांचा आवाज असा होता की मला खरंच वेळ आहे असं वाटलं. मी पाय फिरवत राहिले. एक सुटला. मग दुसरा. "आथां लोळत ये, माज्या आवाजाकडं," ते म्हणाले. मी लोळत गेले, लहान पोरासारखी, पाण्यातून, चिखलातून, आणि हाताला कडक भुई लागली. उठून लुगडं सारखं केलं. "आले," मी म्हणाले. तेव्हा ते वळले. पाणी त्यांच्या पोटरीपर्यंत चढलेलं होतं. मला हात न लावता, माझ्याकडे न बघता, या माणसाने मला नुसत्या बोलण्याने बाहेर काढलं होतं. घरी गेल्यावर त्यांनी सासूला एवढंच सांगितलं, "सूनबाय आज खाडीला ओळख देऊन आली."

त्या दिवसापासून आम्ही बोलायला लागलो. रोज नाही, पण थेट.

शेताच्या खड्ड्याचं तळं झालं होतं. लोक म्हणाले, बुजवा आणि परत भात लावा. अर्धा खड्डा बाबांनी बुजवला, अर्धा ठेवला. खाडीत जिताड्याची पिलं मिळतात, बोटाएवढी. ती बाबा मडक्यातून आणून तळ्यात सोडायचे. जिताडा हळू वाढतो. माझा थोरला मुलगा रांगायला लागला, चालायला लागला, तोवर तळ्यात कोणी जाळं टाकलं नाही. मग एका शिमग्याला बाबांनी पाग फेकला. पहिला जिताडा आला तो मुलाएवढा लांब, रुपेरी, डोळे सोन्यासारखे पिवळे. बाबांनी तो दोन्ही हातांवर घेतला आणि माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवरा हसला. त्या शेतावरून तो बापाशी कधी वाईट बोलला नव्हता, पण हसलाही नव्हता. तो पाण्यात उतरला आणि पागाचं दुसरं टोक धरलं.

त्या वर्षी गावातल्या प्रत्येक चुलीवर आमच्या तळ्यातला तुकडा शिजला. पोलाचं टोपलं देणाऱ्या घरी सासूने मधला, पोटाकडचा तुकडा पाठवला. बाबांनी सांगितलं नव्हतं.

नातवंडं झाली तशी बाबा घरात जास्त दिसायला लागले, म्हणजे अंगणात. मुलांना तळ्यात पोहायला त्यांनी शिकवलं, मुलीलाही. तिला पाठीवर घेऊन तुंगारेश्वरला जायचे, आणि येताना ती त्यांच्या खांद्यावर झोपलेली, हातात रानफुलं चुरगळलेली. सासू ओटीवर वाट बघत असायची. मुलगी झोपलेली असली तरी बाबा बसून सगळं सांगायचेच. कुठला ओढा आटला, मोर कुठे दिसला. सासू म्हणायची, "मंग?"

शहाऐंशीच्या हिवाळ्यात त्यांची छाती धरली. दम लागायचा. वसईच्या डॉक्टरने औषध दिलं, घरात निजून राहा म्हणाला. घरात त्यांचा जीव गुदमरायचा, म्हणून आम्ही खाट अंगणात काढली. तिथून बांध दिसायचा. एका दुपारी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. पाय सुजले होते, पण टाचांतला काळा गाळ तसाच. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"बाबा, बांध फुटला त्या दिशी पान्यात गेलात, भीती नाय वाटली?"

ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले.

"पान्याची नाय वाटली. तिला विचारलं ना, तवा वाटली."

"आईंची?"

"ती नाय बोलली असती तं मी भायेर आलो असतो. घरी."

"आनि बांध?"

"बांध गेला असता," ते म्हणाले. "भात तिचं पन व्हतं ना, बाय."

मी तेल लावायची थांबले. दहा वर्षं मी ती गोष्ट माहेरी, बाजारात, पोरांना सांगत आले होते, एका माणसाने गाव कसं वाचवलं म्हणून. आणि तो माणूस सांगत होता की तो बायकोच्या एका शब्दावर उभा होता.

पौषात ते गेले. पहाटे, ओहोटी लागताना. सासू उशाशी होती. गाव आलं, मिठागरावरचे आले, कामणहून माझे भाऊ आले. खाडीवर मासे धरणारे त्यांचे सोबती आले, त्यांत खाडीपलीकडच्या गावचा ॲन्सेल्म नावाचा एक जणही होता, डोक्यावरची टोपी हातात घेऊन दारात उभा. हिराजी म्हातारा झाला होता, त्याला दोघांनी धरून आणलं. तो बाबांच्या पायांपाशी बसून राहिला.

दिवस झाले, पाहुणे गेले. घरात पुन्हा आम्हीच. एका संध्याकाळी मी चुलीपाशी पीठ मळत होते आणि सासू भाकऱ्या थापत होती. बाबा अंगणात जे बोलले होते ते मी तिला सांगितलं. वाटलं, तिला बरं वाटेल.

ती थापायची थांबली नाही.

"मी नाय बोलनारच व्हते," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"इतकं चांगलं भात. मी नाय बोलनार व्हते, तोंडापर्यंत आलं व्हतं. पन ते पान्यात उबे. सकाळपासून उपाशी, ओठ काळे पडलेले, दात वाजत व्हते. मना वाटलं, नाय बोलले तं हा मानूस तिथंच उबा राहील, गावाशी वाद घालत. हो बोलले तं लवकर भायेर येतील."

चुलीतलं लाकूड तिने आत सारलं.

"आले काय?" मी विचारलं.

"कुठं आले," सासू म्हणाली. "दिवस मावळला तरी पान्यातच." आणि तिने भाकरी उलटली.